इंग्रजी विभाग, उंचीप्रमाणे

आमच्या गावच्या वाचनालयाचा इंग्रजी विभाग मी स्थापन केला. त्यात आठ पुस्तकं आहेत. त्या आठ पुस्तकांमुळे आमच्या भागातल्या पाच-सहा मुली एका माणसाच्या मरणावर आधी रडल्या, आणि तो कोण होता हे त्यांना नंतर कळलं. त्यातली एक माझी मुलगी. हे माझ्याच हातून झालं, म्हणून मीच लिहितो.

मी वसई पूर्वेला एका कारखान्यात हिशेब बघतो. राहतो मात्र पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, वडिलोपार्जित वाडीत. वडिलांच्या वेळी तिथे केळी होत्या, आता सोनचाफा आहे. ह्याशिवाय मी वाचनालयाचा मानद सचिव आहे. मानद सचिव म्हणजे ज्याच्याकडे किल्ली असते तो. वाचनालय म्हणजे सोसायटीच्या इमारतीवरची एक खोली, एक लांब टेबल आणि चार कपाटं. टेबलावर वर्तमानपत्रं असतात आणि त्यांच्याभोवती निवृत्त मंडळी असतात. कपाटांत चांगली पुस्तकं आहेत. चांगली अशासाठी म्हणतो की ती कोणी नेत नाही, त्यामुळे ती खराब होत नाहीत.

आमचे अध्यक्ष सत्तरी ओलांडलेले, जुने बागाईतदार. वाचन संस्कृती लोप पावत चालल्याची त्यांना मनापासून चिंता आहे आणि ती ते दरवर्षी मेळाव्यात व्यक्त करतात. पुस्तकं उंचीप्रमाणे लावायची, हा नियम त्यांचा. उंच पुस्तक डावीकडे, मग उतरत्या क्रमानं बाकीची. फार पूर्वी पाहणीला आलेल्या एका साहेबांनी कपाट उघडून "वा, ओळ किती सरळ आहे!" असं म्हटलं होतं. त्यांनी एकही पुस्तक बाहेर काढलं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे विषय, लेखक, भाषा वगैरे भानगडी नाहीत. आधी उंची पाहायची, मग नंबर टाकायचा.

वसईतल्याच एव्हरशाईन सिटीतलं एक कुटुंब बंगळूरला चाललं होतं. त्यांना पुस्तकं द्यायची आहेत असं कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून कळलं. मी स्कूटर घेऊन गेलो. त्या बाई दारातच गोणी घेऊन उभ्या होत्या.

"सगळी माझ्या मुलीची," त्या म्हणाल्या. "एकाच जगातली आहेत म्हणे. तिनं दोन-दोनदा वाचली. आता सामानात वजन फार होतं."

एकाच जगातली म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. आपण सगळेच एका जगातले, असा काहीतरी उदात्त अर्थ मी लावून घेतला.

घरी येऊन गोणी सोडली. आठ इंग्रजी कादंबऱ्या निघाल्या, विटांसारख्या जाड. मुखपृष्ठांवर सोनेरी वेली, खंजीर, मुकुट. नावांमध्ये राख, काटा, शपथ आणि सिंहासन ह्यांपैकी निदान दोन गोष्टी होत्याच. मी त्या अध्यक्षांना दाखवल्या. त्यांनी एक उलटसुलट करून पाहिली.

"धार्मिक आहे काय?"

"नाही. राजे-राण्यांचं दिसतंय."

"मग ऐतिहासिक," ते म्हणाले आणि पुस्तकांना मंजुरी मिळाली.

मी त्यांना स्वतंत्र विभाग दिला. इंग्रजी म्हणून 'इं'. सगळ्यांत उंच पुस्तक जाड पुठ्ठ्याचं होतं, ते इं-१. सगळ्यांत बुटकं इं-८. बायकोनं सगळ्यांना खाकी कागदाचं कव्हर घातलं. खाऱ्या हवेत कव्हराशिवाय पुस्तक दोन पावसाळे टिकत नाही. कव्हरं घालताना ती मध्येच काहीतरी म्हणाली आणि मी काहीतरी उत्तर दिलं. मग मी प्रत्येकाच्या कण्यावर ठळक नंबर लिहून लेबल लावलं, वरून पारदर्शक चिकटपट्टी मारली आणि नावं देवनागरीत सुवाच्य अक्षरात लिहिली. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

आता मुलीबद्दल. ती अकरावीला आहे, विरारच्या कॉलेजात. नववीपर्यंत ती माझ्याशी इतकं बोलायची की मी वर्तमानपत्र घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसत असे. ह्याचंही मला आता वाईट वाटतं. नंतर ते बोलणं आटलं. भांडण नाही, तंटा नाही. "हं," "ठेव," "मम्मीला सांगितलंय," एवढेच शब्द माझ्या वाट्याला यायचे. एकच काम आम्ही अजून बरोबर करत होतो. पहाटे चाफ्याची फुलं काढायची. मी आकडीनं फांदी खाली ओढायची आणि तिनं फुलं खुडून टोपलीत टाकायची. ह्यात बोलावं लागत नाही. म्हणूनच बहुधा ती अजून येत होती.

इंग्रजी विभाग पाहायला ती एकटीच आली. तिनं इं-१ उचललं, कारण त्यावर एक लिहिलं होतं. दुसरं काय करणार ती?

तीन-चार दिवसांनी, फांदी धरलेली असताना, ती अचानक म्हणाली, "पप्पा, एखादी बाई नवऱ्याला न सांगता दरवर्षी पाण्यात दिवा सोडत असेल तर तो कुणासाठी असेल?"

माझ्या हातून फांदी सुटली. आमच्या घरात कोणी कुठे दिवे सोडत नाही, ह्याची मी मनातल्या मनात खात्री करून घेतली.

"पुस्तकातलं विचारतेय," ती म्हणाली. "राणी आहे. तिचं लग्न झालंय एका राजपुत्राशी, त्याला सावली नाही. पण ती दिवा सोडते. आणि कुणासाठी ते लिहिलेलंच नाही!"

दोन वर्षांत मला मिळालेलं हे सर्वांत लांब वाक्य होतं. मी म्हणालो, "वाचून सांगतो."

खरं तर मी मुलांना 'वैचारिक वाचा' असं सांगणारा माणूस. पण दुसऱ्या दिवशी मी इं-१ कारखान्यात नेलं आणि खरेदीच्या फायलीत घालून जेवणाच्या सुट्टीत वाचू लागलो. माझं इंग्रजी पावत्यांपुरतं. राणीला भरती-ओहोटी थोपवता येते. राजपुत्राला सावली नाही, पण दंड मात्र भरदार आहेत. दर पंधरा पानांनी तिचा श्वास अडकतो. सुरुवातीला मला वाटलं हा दमा आहे आणि पुढे त्याचा कथेशी संबंध येईल. तसा तो आला नाही. युद्ध चालू होतं, ते का लागलं होतं ते कळत नव्हतं. लोक एकमेकांकडे अर्थपूर्ण बघत होते आणि अर्थ आम्हाला माहीत नव्हता. पण मुलगी रोज पहाटे विचारायची, "कुठवर आलास?" आणि मी त्यासाठी शब्दकोश घेऊन बसायचो.

बाप आणि मुलगी एकच प्रेमकथा वाचतात तेव्हा काही अडचणी येतात. काही पानं अशी होती की ती पुस्तकात नाहीतच, असं आम्ही न बोलता ठरवून टाकलं.

"तो गुहेतला प्रसंग..." ती एकदा चुकून म्हणाली.

"गुहा मोठी होती," मी म्हणालो.

"हो ना. खूपच," ती म्हणाली आणि आम्ही पुढच्या झाडाकडे वळलो.

तिनं एक नियम घातला. नेटवर काहीही बघायचं नाही. "एक शब्द टाकला तरी स्पॉइलर येतात, पप्पा. कोण मरतं ते आधी कळलं की संपलं." मी शपथेवर कबूल केलं. कॉलेजातल्या दोन मैत्रिणींनी ही पुस्तकं आधी वाचलेली होती. त्यांनाही तिनं तोंडं बंद ठेवायला लावली होती. इतकी काळजी तिनं घेतली होती. शत्रू घरातच लेबलं लावून बसलाय, हे तिला कुठे माहीत होतं?

इं-२ मध्ये एक होडीवाला भेटला. राणीचा जुना मित्र. भेटला म्हणजे शंभर-सव्वाशे पानांत मेला. राणीला वाचवताना, वादळात. हा कोण, कुठला, काही सांगितलेलं नाही, आणि लेखिकेची अपेक्षा अशी की आम्ही ढसाढसा रडावं. माझी मुलगी रडली. तिची अर्नाळ्याची एक मैत्रीण आहे, परिचारिकेचा कोर्स करते, घरची स्वतःची होडी. एव्हाना ही पुस्तकं वाचणाऱ्या पाच-सहा मुलींचं मंडळ झालं होतं, त्यात तीही होती. ती रडली, पण रडता रडता तिनं हिशेबही मांडला.

"काका, ही लिवनारी बाई कधी होडीत बसली नाय. उधानाच्या पान्यात कोन एकटा होडी लोटतो? आनि जाळी वढायला ह्याला मानूस लागत नाय, फक्त शर्ट काढावा लागतो."

"मग रडलीस का?"

"पोरगा चांगला होता ना," ती म्हणाली.

मग इं-३ आलं. एका संध्याकाळी मी जेवायला बसलो होतो, फोन वाजला, आणि पलीकडून ती अर्नाळ्याची मुलगी ओरडली, "काका! जिता हाय तो!"

"कोण जिता आहे?" बायकोनं आमटी वाढता वाढता विचारलं.

"होडीवाला," मी म्हणालो आणि मला कबूल केलं पाहिजे, आमटी मी दोनदा मागून घेतली. आनंदानं.

इं-३ मध्ये तो खरोखर जिवंत होता. हसत होता, मासे भाजत होता. मेल्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. माझी मुलगी दोन दिवस तरंगत होती. "त्यानं कुणाला सांगितलंच नाही, पप्पा! मरण सोसून आला आणि सांगत पण नाही. असा असतो खरा माणूस!" इं-४ मध्ये राणीची धाकटी बहीण लेकुरवाळी होती आणि इं-५ मध्ये तीच बहीण दहा वर्षांची होऊन झोपाळ्यावर बसली. आम्ही तेही पचवलं. शाप असेल. जादूच्या गोष्टीत एक सोय असते. काही कळलं नाही तर ती जादू, आणि फारच कळलं नाही तर ती अर्थाची खोली.

खोली मला सापडली. मी वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहिला. 'काळाची साखळी तोडणारी लेखिका' असं शीर्षक दिलं. त्यात मी लिहिलं की ह्या कादंबऱ्यांत मृत्यू हा शेवट नसून एक स्वल्पविराम आहे, आणि कार्यकारणभावाच्या जुनाट कल्पनेला हे धाडसी आव्हान आहे. अध्यक्षांनी लेख उभ्यानं, चष्मा वर-खाली करत पूर्ण वाचला.

"उत्तम झालाय," ते म्हणाले. "काहीच कळलं नाही."

ह्याच भरात मी ठरवलं की यंदाच्या वाचक मेळाव्यात तरुण वाचक म्हणून माझ्या मुलीनं बोलायचं. तिला विचारलं तेव्हा फांदी तिच्या हातात होती. ती बराच वेळ एकच फूल चाचपत राहिली आणि म्हणाली, "तू पुढे बसणार असशील तर." मी त्याच दिवशी पत्रिका छापायला टाकल्या.

पत्रिका घरी आल्या त्याच आठवड्यात इं-८ च्या कव्हराला बुरशी धरलेली दिसली. ते पुस्तक अजून कोणी वाचलं नव्हतं, मुलगी इं-७ वर होती. बायको पडवीत बसून जुनं कव्हर काढत होती.

"हे बघा," ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला."

"काय?"

"ह्याच्यावर एक छापलंय नि तुम्ही आठ लावताय म्हणून."

मी पुस्तक हातात घेतलं. फक्त मुखपृष्ठावर, खंजिराच्या मुठीखाली, सोनेरी अक्षरांत, पहिला भाग असं स्वच्छ छापलेलं होतं.

"मग मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, तो त्यांचा नंबर, हा आपला."

मी वाचनालयात गेलो, दार आतून लावलं आणि एकेक कव्हर सोडवलं. इं-१ हा आठवा भाग होता. इं-२ पाचवा, इं-३ दुसरा. होडीवाला मरून परत आला नव्हता. तो आधी जगला होता आणि मग मेला होता, जसे सगळे मरतात. धाकट्या बहिणीला कुठलाही शाप नव्हता. ती मोठी झाली होती, एवढंच. राणी दिवा कुणासाठी सोडत होती हे आता मला एका क्षणात कळलं, आणि काळाची साखळी तोडणारी लेखिका बिचारी सरळ रेषेत लिहीत होती हेही कळलं. साखळी मी तोडली होती, चिकटपट्टी लावून.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून नाही. म्हणजे लाज वाटलीच, पण तिची मला सवय आहे. मला भीती वाटत होती. ह्या आठ पुस्तकांच्या जिवावर माझी मुलगी माझ्याशी बोलत होती. ती उलटी आहेत असं सांगितलं की होडीवाला मरणार आणि त्याच्यामागोमाग पहाटेचं बोलणंही जाणार. रोज मी ठरवायचो, आज सांगू. रोज ती टोपली घेऊन यायची आणि म्हणायची, "पप्पा, ऐक ना." आणि मी ऐकायचो.

तिनं इं-८ वाचून संपवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्या आधी वाडीत उभी होती.

"पप्पा, शेवट! असा शेवट मी कुठेच वाचला नाही. सगळं झालं ना, युद्ध, मरण, लग्न, मुलं, सगळं... आणि शेवटच्या पानावर ती त्याच्या होडीत पाय ठेवते आणि तो म्हणतो, 'पोहता येतं का?' बस्स. संपलं. म्हणजे सगळं धुऊन निघालं! मेळाव्यात मी हेच बोलणारे. की लेखिकेनं मरणाला हरवलं."

ती पहिली भेट होती. पहिल्या भागाचा शेवट. सगळं पुढे व्हायचं होतं.

"छान बोल," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात मी ह्याहून हलकट दोन शब्द उच्चारलेले नाहीत.

मेळाव्याच्या दिवशी खोली भरली होती. म्हणजे सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या आणि बटाटेवड्यांचा वास जिन्यापर्यंत होता. प्रमुख पाहुणे बांधकाम व्यवसायातले. वाचनानं आपल्याला घडवलं असं ते म्हणाले आणि कुठल्या, ते घाईत राहून गेलं. अध्यक्षांनी चिंता व्यक्त केली. माझी मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती, हातात घड्या घातलेला कागद. शेजारी अर्नाळ्याची मैत्रीण. आणि मागच्या रांगेत कॉलेजच्या त्या दोन मुली, तिनं खास बोलावलेल्या, ज्यांनी ही पुस्तकं एकापासून आठपर्यंत वाचलेली होती. आता ती उभी राहणार, लेखिकेनं मरणाला हरवलं म्हणणार, आणि त्या दोघी एकमेकींकडे बघणार.

तिची ओळख करून द्यायला मी उठलो. ओळख करून दिली नाही.

"मला एक सांगायचं आहे," मी म्हणालो. "आपल्या इंग्रजी विभागाचे नंबर चुकलेले आहेत."

अध्यक्ष दचकून बघायला लागले. मी सगळं सांगितलं. उंची, लेबल, कव्हर, बायको काय म्हणाली, मी काय उत्तर दिलं. होडीवाला मेलेला आहे आणि मेलेलाच राहील, हेही सांगितलं. हे मला गेले काही आठवडे माहीत होतं, हेसुद्धा. निवृत्त मंडळी माना डोलावत होती. त्यांना वाटलं हे व्याख्यान आहे.

"अरे, राजीनामा देतोस काय?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"नाही. माफी मागतोय."

"मग बस की. वडे गार होतायत."

प्रमुख पाहुण्यांनी प्रसंग सावरला. वाचनाला क्रम नसतो, वाचन हा अथांग सागर आहे, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मागून एका मुलीचा आवाज आला, "शी, यार! तू उलटं वाचलंस?" माझी मुलगी उभी राहिली. हातातल्या कागदाची तिनं आणखी एक घडी घातली.

"माझं भाषण पप्पांनी केलं," ती म्हणाली आणि खाली बसली. लोक हसले. ती हसली नाही.

जिन्यात अर्नाळ्याच्या मुलीनं मला गाठलं. मी पुन्हा माफी मागायला लागलो, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊंदे काका. आधी रडून घेतलं, मंग तो हसताना दिसला. बरंच झालं ना. आमच्याकडं उलटं असतं." आणि वडा हातात घेऊन ती उतरून गेली.

नंबर दुरुस्त करायची परवानगी मी अध्यक्षांकडे मागितली. ते कपाटापुढे उभे राहिले, आठ पुस्तकं त्यांनी डोळ्यांनी मापली.

"बुटकं आधी आलं तर ओळ वाकडी दिसेल," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात पाहणी आहे."

तेव्हा नंबर आजही तेच आहेत. नवीन कोणी इं-१ मागायला आलं तर मी इं-८ देतो आणि तोंडी समजावतो. दोघा सभासदांनी ह्याबद्दल माझी लेखी तक्रार केली आहे.

घरात पुन्हा "हं" आणि "ठेव" सुरू झालं. पहाटे ती येत होती, पण कानात इअरफोन घालून. मी फांदी ओढायचो, ती खुडायची, टोपली भरायची. कागदावर पाहिलं तर काहीच बदललं नव्हतं. एवढं मात्र झालं की एके दिवशी ती वाचनालयात आली, सभासद म्हणून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "इं-आठ." मी दिलं. मग काही दिवसांनी इं-तीन. मग इं-पाच. ती सगळं पुन्हा वाचत होती, बरोबर क्रमानं, आणि मला काही विचारत नव्हती. मीही विचारलं नाही. तिच्या बॅगेतून डोकावणारं खाकी कव्हर पाहिलं की मला कळायचं, आता राणी आणि होडीवाला कुठवर आले असतील. इं-सात झालं. मग एका सोमवारी ती म्हणाली, "इं-दोन." पाचवा भाग. मी तो कपाटातून काढला आणि देताना माझा हात उगाच रेंगाळला. तिनं पुस्तक ओढून घेतलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांतली गोष्ट. तिची रिक्षा चुकली म्हणून मी तिला स्कूटरवरून कॉलेजला सोडत होतो. बोळींजच्या पुढे रस्ता खणलेला, सगळं तुंबलेलं. समोर टँकर, बाजूला शाळेची बस, सगळे हॉर्न वाजवत होते. मग माझ्या पाठीला तिचं कपाळ टेकल्यासारखं वाटलं.

"पप्पा."

"हं," मी म्हणालो. घाबरून दुसरं काही सुचलंच नाही.

"तो होडी रंगवतोय."

मी कोण म्हणून विचारलं नाही.

"निळा रंग आणलाय त्यानं. आतून पण देतोय, फळीखाली, जिथे कुणाला दिसत नाही तिथे. पुढच्या मोसमात तिला घेऊन दूर जायचं म्हणतोय." हॉर्नच्या आवाजात मला तिचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी हेल्मेट काढलं. "गेल्या वेळी हे पान मी पटकन उलटलं होतं, माहितीये? म्हटलं हा कोण, रंग कसला देत बसलाय. आता मी त्याला ओळखते, आणि वादळ येणार ते पण मला माहितीये. त्याला नाही माहीत. तो शीळ घालतोय. हे तुझ्यामुळे झालं, पप्पा."

"हो," मी म्हणालो.

"दोन दिवस मी त्याच पानावर आहे. वाचू की नको पुढे?"

वाचनालयाचा सचिव म्हणून ह्यावर माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती. वाचनानं माणूस प्रगल्भ होतो, दुःखाला सामोरं जायला शिकतो, वगैरे. सगळी भाषणांत वापरून गुळगुळीत झालेली.

"रंग वाळेपर्यंत थांब," मी म्हणालो.

हॉर्न वाजत राहिले. मला वाटलं, संपलं. मग मागून नाक ओढल्याचा आवाज आला आणि माझ्या खांद्यावर एक चापट बसली.

"ऑइल पेंट आहे तो. तीन-चार दिवस लागतात," ती म्हणाली. "हेल्मेट घाल आणि पुढे बघ. टँकर हलला."